काचेवर उतू गेलेलं दूध

नव्या घरात दूध उतू घालवायचं, हे आईने भारतातून निघण्याआधीच ठरवलं होतं. त्यासाठी तिने घरचं छोटं स्टीलचं पातेलं साडीच्या घडीत गुंडाळून आणलं. काठाखाली आजोबांचं नाव टिंबाटिंबांनी कोरलेलं. जर्मनीतल्या मायन्झच्या या घरात तेव्हा निम्मी खोकी बंदच होती. तिने पातेल्याला हळदीकुंकवाची बोटं लावली, शेगडीकडे वळली आणि थांबली. समोर ओट्यात बसवलेली एक काळी, सपाट काच. बर्नर नाही, जाळी नाही, फिरवायची बटणंसुद्धा नाहीत. कुंकू लावायचं कुठे? शेवटी काचेभोवतीच्या स्टीलच्या पट्टीवर तिने बोट टेकवलं आणि मला म्हणाली, "लाव." दूध तापायला वेळ लागला. मग कडेने बुडबुडे आले, साय सुरकुतली, दूध उभं राहिलं आणि काठावरून खाली आलं. चर्र आवाज झाला, जळक्या दुधाचा गोडसर करपट वास सगळीकडे पसरला. आई हात जोडून दूध कोणत्या दिशेला जातंय ते बघत होती. मी शेगडी बंद केली, पातेलं बाजूला उचलून ठेवलं आणि आधीपासून हातात धरलेल्या स्क्रेपरने काच खरवडायला लागले.

रात्री अंथरूण घालताना ती म्हणाली, "तू दुधाकडे बघितलंसच नाहीस गं."

रागावून नाही, नुसतं लक्षात आलं म्हणून. पण ते वाक्य माझ्या मनात राहिलं, कारण ते खरं होतं. रथसप्तमीला आमच्या अंगणात तुळशीपाशी गोवऱ्या रचायचे, त्यावर मातीच्या बोळक्यात दूध ठेवायचे. धुराने डोळे चुरचुरत असायचे आणि तरी आम्ही पोरं बोळक्यावर नजर खिळवून बसायचो. दूध सूर्याच्या दिशेने उतू गेलं की आजीचा चेहरा फुलायचा. ते दूध गोवऱ्यांच्या राखेत जिरून जायचं. पुसायचं, खरवडायचं असं काही नसायचंच. उतू जाणं ही तिथे भरभराटीची खूण होती आणि राखेला त्याने काहीच फरक पडत नव्हता. इथे मात्र उतू गेलेल्या प्रत्येक थेंबाचं काहीतरी करावं लागतं, तेही वेळेत. मी काचेकडे बघत होते ते त्यामुळे. घराची शुभवेळ चालू असताना माझं लक्ष घराच्या एका वस्तूत होतं, याची बोच मला आहे. आणि ती वस्तू सांभाळणं हेही त्या शुभातच येतं, असंही मला मनापासून वाटतं. ह्या दोन वाटण्यांमध्ये मी अजून मधेच कुठेतरी आहे.

जर्मनीत भाड्याचं घर घेतलं की बऱ्याचदा स्वयंपाकघर मिळत नाही, स्वयंपाकघराची खोली मिळते. भिंतीतून बाहेर आलेला नळाचा पाइप आणि शेगडीसाठीची वायर, बस्स. ओटा, कपाटं, सिंक, शेगडी सगळं जुना भाडेकरू घेऊन जातो, नाहीतर तुम्हाला विकून जातो. आम्ही विकत घेतलं. त्यामुळे ही शेगडी भाड्याच्या घरातली असूनही आमची स्वतःची आहे. ही इंडक्शन नव्हे. काचेखाली गोल वाडग्यात तारेची वेटोळी आहेत, ती तापून लाल होतात आणि ती धग काचेतून भांड्याला लागते. घर ताब्यात आल्यावर काच पुसताना डावीकडच्या पुढच्या गोलाशेजारी बोटाला काहीतरी खरखरीत लागलं. डाग नव्हता. काचेलाच बारीक खड्डे पडले होते, ओघळाच्या आकारात. वरच्या मजल्यावरच्या आजी ओळख करून घ्यायला केक घेऊन आल्या होत्या, त्यांनी त्यावरून नख फिरवलं आणि लगेच म्हणाल्या, "साखर." दर सप्टेंबरला त्या पातेलंभर प्लमचा जॅम करतात, त्यांना पाहताक्षणी कळलं.

मग त्यांनी मला जे सांगितलं ते मी आजवर ऐकलेल्या स्वयंपाकघरातल्या शिकवणुकींपैकी सगळ्यात नेमकं आहे. साखर वितळून तापल्या काचेवर सांडली की काचेला घट्ट धरते. शेगडी बंद केली की साखर थंड होताना आकसते. काच मात्र आकसत नाही, कारण ती तशीच घडवलेली असते. आकसणारी साखर मग काचेचे बारीक कपचे ओढून घेऊन सुटते. खड्डे पडतात ते पुसताना किंवा घासताना नाही, आपण "थंड होऊ दे, मग बघू" म्हणून बाहेरच्या खोलीत जाऊन बसलेलो असतो तेव्हा. म्हणून बाकी सगळं काच गार झाल्यावर साफ करायचं, पण साखर, गूळ, मध, जॅम, चुकून वितळलेलं प्लास्टिक किंवा अॅल्युमिनियमची फॉइल, हे मात्र काच गरम असतानाच, हात जपून, पात्याने बाजूला काढायचं. दुधात साखर पाकाइतकी नसते, तरी असते. त्या दिवशी स्क्रेपर हातात होता तो म्हणून.

त्या खड्ड्यांवरून मी अजूनही कधीकधी बोट फिरवते. आमच्या आधी इथे कोण राहत होतं ते मला फक्त सहीपुरतं माहीत आहे, पण त्यांनी काहीतरी गोड केलं होतं आणि ते ओघळलं होतं, एवढं नक्की.

आजीच्या चुलीची रोज रात्री निगा व्हायची. राख काढायची, कोळसे विझवून बाजूला ठेवायचे, मग शेणामातीचं पोतेरं चुलीवरून, चुलीपुढच्या जागेवरून फिरवायचं. सकाळी वाळलेल्या चुलीपुढे रांगोळीची चार बोटं ओढायची आणि मगच जाळ. माझ्या आईच्या लग्नानंतरच्या पहिल्या बिऱ्हाडात पंपाचा स्टोव्ह होता. त्याला काकडा लावा, हवा भरा, भोक बुजलं की पिन मारा, आणि एवढं करूनही तो भडकेल का याची धास्ती. पुढे सिलिंडर आला, मग बर्नर रविवारी गरम पाण्यात भिजत पडायचे आणि टूथब्रशने त्यांची भोकं मोकळी व्हायची. अग्नीची जागा साफ ठेवणं हे स्वयंपाक झाल्यावरचं वेगळं काम आहे असं आमच्या घरात कुणीच कधी मानलं नाही. ते स्वयंपाकातच मोजलं जायचं. काचेची शेगडी म्हणजे एक फडकं फिरवलं की झालं, असं इथे येणाऱ्या प्रत्येकाला वाटतं. ते पुरेसं नसतं. फरक इतकाच की चुलीला कष्ट लागायचे, काचेला अवधान लागतं.

अवधान पहिल्यांदा लागतं ते फोडणीला. गॅसवर तेल तापलं, मोहरी तडतडली, हिंग पडला की हात आपोआप बटणाकडे जातो आणि ज्योत खाली बसते. काचेवर ९ वरून ३ वर आणलं तरी खालची तार आणि वरची काच आपल्या गतीनेच निवतात, आणि तेवढ्यात जिरं काळं, हळद कडू. इथे फोडणीची आच कमी करायची नसते, भांडं उचलायचं असतं. उचलून शेजारच्या गार गोलावर ठेवायचं किंवा हातात धरून मोजून पाच-सहा सेकंद हवेत राहू द्यायचं. लोखंडी पळीतली फोडणी तर मी सोडूनच दिली. पळी काचेवर कलंडते आणि सगळ्यात लहान गोलसुद्धा तिच्यापेक्षा मोठा आहे. आणखी एक गोष्ट आईला पहिल्या आठवड्यात फार खटकली. तार मधेच लाल होते, मधेच काळी पडते. "बंद पडली बघ," असं ती दर थोड्या वेळाने हाक मारून सांगायची. ४ वर ठेवलं म्हणजे मंद आच सतत मिळते असं नाही. तार पूर्ण तापते, थांबते, पुन्हा तापते, आणि त्या चालू-बंदच्या प्रमाणातून मंद किंवा मोठी आच ठरते. शिवाय काच फार तापू नये म्हणून एक सळई तारेवर लक्ष ठेवून असते, ती वेळ आली की स्वतःच वीज तोडते. जाड बुडाच्या भांड्याला हे चढउतार कळत नाहीत, पातळ बुडाच्या पातेल्यातला रवा मात्र एका जागी करपतो.

मग एका दुपारी आईला शेगडी बंद केल्यावर काचेच्या कडेला जळत राहणारा छोटा 'एच' दिसला. काच अजून गरम आहे, हात लावू नका, एवढंच तो सांगत असतो. आईने थोडा वेळ बघितलं आणि भाताचं पातेलं आणून त्यावर ठेवलं. "हा वैल आहे की!" ती म्हणाली. चुलीच्या कडेला जो वैल असायचा, जाळ पुढच्या भांड्याला आणि उरलेली धग मागच्याला, त्यावर दूध कोमट राहायचं, आमटी निवायची नाही, तोच तिने इथे शोधून काढला. त्या दिवसापासून माझी शेगडी जास्त शहाणपणाने चालायला लागली, हे मी मनापासून सांगते. भाताला शेवटचं पाणी दिसेनासं झालं की बंद करायचं आणि झाकण न उघडता तिथेच ठेवायचं, वाफ आपोआप मुरते. कुकरच्या शेवटच्या शिट्टीची वाट न बघता आधीच बंद करायचं, ती शिट्टी उरलेल्या धगीवर होतेच. लोणी कढवायला तर २ वरची ही संथ आच मला गॅसपेक्षा आवडते. बेरी बदामी होते, काळी पडत नाही. गॅसवर ज्योत गेली की खेळ संपला. इथे बंद केल्यानंतरही बराच स्वयंपाक बाकी असतो.

पण काही गोष्टी या काचेने घेतल्या त्या घेतल्याच. भाकरी. तव्यावर एक बाजू पाण्याचा हात फिरवून भाजायची आणि दुसरी सरळ जाळावर, तेव्हा ती टम्म फुगते, पापुद्रा सुटतो, आणि कुठेकुठे काळे ठिपके पडतात. इथे मी कापडाने दाबून तव्यावरच फुगवते. फुगते, पण जाळाचा वास तिला नसतो. घडीच्या पोळीचं तसं अडत नाही, ती तव्यावरच उमलते, सपाट जड तवा असला की झालं. वांगं ओव्हनच्या ग्रिलखाली मऊ होतं, साल सुटते, गर हवा तसा मिळतो आणि भरताला तरी भरताची चव येत नाही. पापड मायक्रोवेव्हमध्ये भाजतो, म्हणजे तसं म्हणतो. मला याची सवय झाली आहे असं लोक धरून चालतात. सवय झाली आहे हे खरं, आणि दर वेळी वाईट वाटतं हेही खरं. आग डोळ्यांना दिसणं हा स्वयंपाकाचा मोठा भाग होता. आईला शेगडीसमोर उभं पाहून मला ते जास्त जाणवलं, कारण ज्योत बघण्यासाठी ती सारखी वाकायची आणि वाकल्यावर तिला फक्त काचेत स्वतःचा चेहरा दिसायचा.

ज्या काचेवर तिने दूध उतू घातलं तिच्यासारख्या काचेचा आणि या शहराचा संबंध आहे हे मी तिला फिरायला नेलं तेव्हा सांगितलं. काच बनवणाऱ्या शॉट कंपनीचं मुख्य ठाणं मायन्झमध्येच आहे. कंपनीचं मूळ पूर्वेकडच्या येना गावात, ऑटो शॉट यांनी १८८४ साली तिथे काचेची प्रयोगशाळा काढली. महायुद्ध संपताना १९४५ मध्ये अमेरिकन सैन्याने तिथल्या ४१ जाणकारांना पश्चिमेकडे नेलं आणि पुढे १९५२ मध्ये मायन्झला नवा कारखाना उभा राहिला. १९७१ मध्ये त्यांनी शेगडीसाठीची 'सेरान' काच आणली, आणि इथे आता कुठलीही असली शेगडी असो, लोक तिला सेरानच म्हणतात. पण अशा काचेचा शोध त्याआधीचा आणि अमेरिकेतला. १९५३ साली कॉर्निंग कंपनीत डोनाल्ड स्टूकी काचेचा एक तुकडा भट्टीत ६०० अंशांना तापवत होते आणि भट्टी बिघडून ९०० वर गेली. काचेचा गोळा झाला असणार असं धरून त्यांनी दार उघडलं, तर आत पांढरी, आकार न बदललेली पट्टी होती. चिमट्यातून निसटून ती जमिनीवर पडली आणि फुटली नाही. त्या उष्णतेने काचेच्या आत अगणित सूक्ष्म स्फटिक तयार झाले होते. शेगडीच्या काचेतले स्फटिक तापल्यावर आकसतात आणि भोवतालची काच प्रसरण पावते. एकाचं आकसणं दुसऱ्याच्या फुगण्यात जिरतं, म्हणून लाल झालेल्या काचेवर गार पाणी सांडलं तरी ती तडकत नाही. आडवी उष्णता ती फारशी नेत नाही, म्हणून गोल धगधगत असताना चार बोटं पलीकडे हात ठेवता येतो.

आईला सगळ्यात आवडलं ते पुढचं. शॉटने शेगडीच्या आधी याच जातीची काच दुर्बिणींच्या आरशांसाठी बनवली, 'झेरोडूर' नावाची, कारण रात्री गारठ्यात आरसा केसभर जरी आकसला तरी तारे अस्पष्ट दिसतात. चिलीमध्ये आता जी ३९ मीटरच्या आरशाची दुर्बीण उभी राहते आहे, तिचा तो आरसा ७९८ तुकड्यांचा आहे आणि ते तुकडे याच काचेचे. आई कारखान्याच्या भिंतीपाशी थांबून हे ऐकत राहिली. घरी आल्यावर तिने बाबांना फोन लावून सगळं पुन्हा सांगितलं, ७९८ च्या जागी आठशे म्हणाली, आणि "आपल्या मुलीची शेगडी त्याच काचेच्या घराण्यातली" असं म्हणाली. मग मला विचारलं, "एवढी पक्की आहे, तर साखरेला का घाबरते?" प्रश्न योग्यच होता. ती न आकसण्यासाठी घडवली आहे आणि नेमकं तेच तिला साखरेपुढे उघडं पाडतं. जोर आणि दुबळेपणा एकाच गुणातून येतो. शिवाय ती फक्त ४ मिलिमीटर जाड आहे. वरून वरवंटा पडला तर फुटणारच, आणि एकदा तडा गेला की फ्यूज काढून ठेवायचा, त्यावर दूधसुद्धा तापवायचं नाही.

यानंतर रात्रीची शेगडी आईने स्वतःकडे घेतली. 'एच' विझेपर्यंत ती थांबायची. मग नवं पातं लावलेला स्क्रेपर जवळजवळ आडवा धरून, काचेला टेकवून, करपलेलं पुढे ढकलायची. उभा धरला की ओरखडा पडतो, हे तिला एकदाच सांगावं लागलं, पितळी भांड्यांवर राख फिरवलेला हात आहे तो. मग ओलं फडकं, मग कोरडं. इथल्या पाण्यात क्षार फार, पातेल्याबाहेर सांडलेलं पाणी वाळलं की पांढरी वर्तुळं उरतात. त्यावर थोडं पांढरं व्हिनेगर ठेवून पुसलं की जातात. चंदेरी रेघा दिसल्या की समजायचं अॅल्युमिनियमचं बूड घासलं गेलं. तिने भारतातून आणलेला अॅल्युमिनियमचा कुकर दोनदा वापरून आम्ही बाजूला ठेवला. त्याचं बूड वर्षानुवर्षं तापून खाली फुगलं आहे, काचेवर तो डुगडुगतो, मधोमध टेकतो आणि कडेला गारच राहतो. चांगल्या भांड्याचं बूड गार असताना किंचित आत दबलेलं असतं आणि तापल्यावर सपाट बसतं. आणि मेथीची जुडी, बटाटे काचेवर ठेवायचे नाहीत. स्टीलने काचेला काही होत नाही, पातेल्याखाली अडकलेल्या वाळूच्या एका कणाने होतं.

गौरी बसल्या तेव्हा पुरण या काचेवरच शिजलं. पुरण घट्ट होऊ लागलं की रटरटतं, फटफट उडतं, हातावर चटके बसतात, आणि ते उडणारं सगळं गूळच. आई लांब दांड्याच्या डावाने ढवळत होती, मी शेजारी स्क्रेपर घेऊन होते. ठिपका पडला की ती पातेलं दुसऱ्या गोलावर उचलायची, मी ठिपका पात्यावर घेऊन बाजूला काढायची, ती पातेलं परत ठेवायची. कुणी कुणाला काही सांगत नव्हतं. या वेळी ती मधेमधे काचेकडे बघत होती आणि मी पुरणाकडे, कारण उलथनं त्यात उभं राहतंय का ते मला बघायचं होतं. वरच्या आजींना पोळी नेऊन दिली. त्यांनी वेलदोड्याचा वास घेतला आणि सरळ शेगडीची चौकशी केली.

आई परत गेली त्यालाही आता बरेच दिवस झाले. परवा तिचा फोन आला, तिथे घरी इंडक्शन घ्यायचं तिने मनावर घेतलं आहे. मी तिला सांगितलं, ती वरून अशीच काळी काच असते, पण आत तार तापत नाही, भांडंच तापतं. त्यामुळे काच त्या मानाने कमी तापते, उतू गेलेलं फारसं करपत नाही, फोडणी गॅससारखी पटकन खाली येते, पण तुझा वैल जवळजवळ जाईल. आणि सगळी भांडी चालणार नाहीत. "फ्रिजवरचं लोहचुंबक काढ आणि एकेका भांड्याच्या बुडाला लावून बघ," म्हटलं. ती फोन चालू ठेवून स्वयंपाकघरात गेली. तवा चिकटला. बिड्याची कढई चिकटली. स्टीलची दोन पातेली चिकटली, तीन नाही. कुकर नाही. पुरणाचं पितळी पातेलं नाही. थोडा वेळ नुसताच भांड्यांचा आवाज येत राहिला. मग ती म्हणाली, "घेते, पण गॅस ठेवते. तू आलीस की भाकरी कशावर करायची?"